खाणीच्या काठावर उभी चांगुणाबाय

चांगुणाबाय,

तुला वाचता येत नव्हतं, आणि एकदा सोडलं तर तुझ्यासमोर मला कधी एक वाक्य पुरं करता आलं नाही. मी "अगं बाय, ऐक तरी" म्हणेपर्यंत तुझं सांगून झालेलं असायचं. आता तू मध्ये बोलणार नाहीस. म्हणून पाद्रीबाबांच्या शाळेत गिरवलेली अक्षरं आज तुझ्यासाठी बाहेर काढली आहेत. तरी एवढं लिहून झाल्यावर मी थांबलो आणि वर पाहिलं. हिने अजून टोकलं कसं नाही, असं वाटलं.

गेल्या आठवड्यात तापाने तुला नेलं. तू कुठल्या घरची, कुणाची कोण, हे सांगायला दिवा गावात तुझे भाऊबंद आहेत. मला सांगायचं आहे ते आपल्या कामाचं. त्या कामाला नाव नव्हतं. मुकादमाला मुकादम म्हणतात, पाथरवटाला पाथरवट. तू दिवसभर खाणीच्या काठावर उभी राहून जे करायचीस, त्याला काय म्हणायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुझ्याआधी ते कुणी केलेलंच नव्हतं.

मी यारी चालवायला पारसिकच्या डोंगराखाली आलो, तेव्हाची गोष्ट तुला आठवत असेल. वाफेवर चालणारं ते धूड पाहायला तेव्हाही माजिवड्यापासून माणसं यायची. मागे बॉयलर, पुढे लोखंडाची लांब सोंड, सोंडेच्या टोकाला साखळी आणि आकडा. खाणीतला दगड उचलायचा आणि रुळावर उभ्या असलेल्या वाघिणीत ठेवायचा, एवढंच तिचं काम. पण तिच्या पायी त्या खाणीत आधीच एक माणूस मेला होता, आणि तो तुझा धाकटा भाऊ होता.

मला हे रामजी मुकादमाने सांगितलं, तू नाही. पोशा दगडाला साखळी बांधून बाजूला होत होता. वरून रामजी ओरडला, "उचल." खालून कुणीतरी ओरडलं, "थांब." आणखी दोघंतिघं नुसतेच ओरडले. यारी चालवणाऱ्याच्या कानावर पडलं ते "उचल". दगड झोका घेऊन वळला, आणि पोशा दगड व कातळ यांच्या मध्ये सापडला. तो चालवणारा दुसऱ्याच दिवशी मुंबईला निघून गेला. त्याच्या जागेवर मी आलो होतो.

पहिल्याच सकाळी तू डोक्यावरची पाटी खाली टाकलीस आणि विचारल्याशिवाय माझ्या यारीवर चढलीस. मला वाटलं, भावाच्या मरणाचा राग माझ्यावर काढायला आली. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. माझ्या जागी उभी राहिलीस आणि समोर बघितलंस.

"इथून तुना काय दिसतं?" तू विचारलंस.

"सोंडेचं टोक दिसतं. डोंगर दिसतो."

"आन् खानीतला मानूस?"

"तो नाही दिसत, बाय. काठाच्या खाली आहे ना तो."

"मंग कोनाला बगून उचलतंस?"

"जो ओरडेल त्याचं ऐकतो."

तू म्हणालीस, "वरडतान तं सगलेच. आथा मी एकटी वरडन. तू माजा आयकायचा, दुसऱ्या कोनाचा नाय." आणि उतरून गेलीस. मी हो म्हटलं की नाही, हे तू कधी विचारलं नाहीस.

तुझा आवाज! दिव्याच्या मिठागरांत या बांधावरून त्या बांधावर हाका मारत तू वाढलेली. वारा समोरून असला तरी आवाज पोचवायची तुला सवय. बॉयलर फुसफुसत असायचा, घण पडत असायचे, आणि त्या सगळ्यावरून तुझी हाक माझ्यापर्यंत यायची. "घेऽऽ" म्हणजे उचल. "सोऽऽर" म्हणजे सोड. तू काठाच्या अगदी टोकावर उभी राहायचीस, एक डोळा खाली आणि एक माझ्याकडे. शेवटचा माणूस दगडापासून लांब होऊन त्याने हात वर केल्याशिवाय तुझ्या तोंडून "घे" निघायचं नाही.

रामजी पहिल्या दिवशी किती चिडला होता. "मुकादम मी, आणि दगड उचलायचा बाईच्या हुकमावर?"

तू शांतपणे म्हणालीस, "हुकूम तुजाच. कनचा दगर उचलायचा ता तू सांग. कवा उचलायचा ता मी सांगन."

दुपारी त्याने मुद्दाम मोठ्याने "उचल" म्हणून आरोळी ठोकली. मी यारीच्या दांड्याला हात लावला नाही.

"ऐकू येत नाही का रे, पास्कू?"

"आलं ऐकू. पण बाय बोलली नाही."

खाणीतली माणसं हसली. रामजी लाल झाला. पण तो वाईट माणूस नव्हता, तुलाही ते माहीत होतं. पोशाच्या वेळची आरोळी त्याची होती, आणि ती त्याच्या मनातून गेली नव्हती. पुढे बऱ्याच दिवसांनी चिलीम ओढता ओढता तो मला म्हणाला, "ही काठावर उभी राहायला लागल्यापासून मला जरा झोप येते." हे त्याने तुला कधी सांगितलं नसेल. म्हणून मी सांगतो.

तुझा दुसरा नियम मात्र मला मुळीच पटला नव्हता. "उचल" म्हणायचा हक्क तुझ्या एकटीचा. पण "थांब" म्हणायचा हक्क सगळ्यांचा. पाटी वाहणाऱ्या बाईचा, पाणी पाजणाऱ्या म्हातारीचा, कुणाचाही. आणि कुणीही थांब म्हटलं, की मी आधी थांबायचं आणि मग विचारायचं. खाणीतल्या जान्याचा फेटा आठवतो? दगड अर्ध्यावर आला होता. वाऱ्याने जान्याचा फेटा उडून खाली पडला आणि त्याने जीव खाऊन आरोळी मारली, "थांऽऽब!" मी यारी दणकन थांबवली. साखळी करकरली. खाली जाऊन पाहतो तर जान्या फेटा झटकत उभा.

मी तुझ्यावर ओरडलो. त्याच्यावर नाही, तुझ्यावर. "हा काय पोरखेळ आहे? फेट्यापायी यारी थांबवायची? असं दणक्याने थांबवलं तर साखळी तुटेल एखाद दिवशी!"

"तं मंग हलू थांबव," तू म्हणालीस. "पन थांब. आज त्याला सिवी दिलीस तं उद्या तो वरडताना इचार करंल. आन् त्यो इचार करीपर्यंत मानूस जाईल."

तू जान्याला एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, असं मी नंतर कितीतरी वेळा म्हटलं. आपला हा वाद कधी मिटला नाही. आजही मला वाटतं, फेट्यासाठी यारी थांबू नये. पण थांबतो मी. तू जिंकलीस असं म्हणत नाही. थांबतो, एवढंच.

पुढे यारी खाडीच्या बांधावर नेली. उधाणाची भरती यायच्या आत बांधाचं तोंड दगडांनी बुजवायचं होतं. तिथे रुळांच्या वरून तारायंत्राच्या तारा गेल्या होत्या. सगळ्यांना भीती एकच, की सरकारी तार तुटली तर तुरुंगात जावं लागेल. मला दुसरी भीती होती. मुंबईला एका कामावर मी पाहिलं होतं, यारीची सोंड तारेत अडकली, ताणाने तारखांब मुळासकट उपटला आणि खालच्या माणसांवर आला. शिवाय स्टेशनातले तारमास्तर मला एकदा म्हणाले होते, की ढग गडगडायला लागले की ते यंत्रावरून उठून लांब बसतात, कारण कुठेतरी दूर पडलेली वीज तारेवरून धावत येते. तुला हे सांगितलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तू मला पुरं बोलू दिलंस.

"सोंड आन् तार यांच्यात किती जागा हाय, ता खालून कलतं का?"

"तीच तर पंचाईत आहे. खालून बघितलं की आकाशात तेच एकदा जवळ दिसतं, एकदा लांब दिसतं. मला कळत नाही, तुलाही कळणार नाही."

"मंग तारेच्या आदी तिला आरवा काय तरी पायजे. तार लागायच्या आदी ता लागल."

दुसऱ्या दिवशी तू आणि तुझी सून बारकी, दोघी घराघरांतून जुन्या लुगड्यांच्या चिंध्या घेऊन आलात. रुळांच्या दोन्ही बाजूंना आपण उंच बांबू रोवले, तारांपासून चांगले अलीकडे आणि तारांहून बरेच खाली. त्यांच्यामध्ये दोरी बांधली आणि दोरीला चिंध्या लोंबत सोडल्या. सोंड चिंध्यांना लागली की काम बंद. दूरून लग्नघराचं तोरण वाटायचं ते. येणारेजाणारे विचारायचे, इथे कुणाचं लग्न? तू म्हणायचीस, "या पास्कूचा. पोरगी नाय गावली अजून."

आणि मग तो दसऱ्यानंतरचा, पुनवेजवळचा दिवस. दुपारपासून उकडत होतं. डोंगराच्या मागे काळं आलं होतं आणि लांबवर गडगडत होतं. कंत्राटदारांचे भाचे गोविंदराव कल्याणहून आले होते. उधाण दुसऱ्या दिवसावर आलं होतं, आणि बांधाच्या तोंडाशी एक मोठा दगड बसायचा राहिला होता. सोंड होती त्या उंचीवरून तो पलीकडे जात नव्हता. वर उचलली तर चिंध्यांच्या वर जात होती, तारांच्या अगदी जवळ.

"ती दोरी काढा," गोविंदराव म्हणाले. "एकच दगड आहे. टाकला की सुटलो."

तू म्हणालीस, "आज नाय. ढग उतरू दे. उद्या सोंडेला दुसरीकरनं वलवू."

"उद्या उधाण आहे, बाई! मग बांध राहील का?"

ते खोटं बोलत नव्हते. बांध खरंच राहिला नसता. मी दांड्यावर हात ठेवून तुझ्याकडे पाहत होतो. त्यांनी एका गड्याला दोरी कापायला वर चढवलं. तू सरळ चालत गेलीस आणि साखळी बांधलेल्या त्या दगडावर जाऊन बसलीस. मांडी घालून, घरच्या ओटीवर बसावं तशी.

"पास्कू," तू मला म्हणालीस, "आथा उचलायचा तं माज्यासकट उचल."

मी वाफ सोडून दिली. सगळी. तो आवाज इतका मोठा झाला, की गोविंदराव काय बोलत होते ते कुणालाच ऐकू आलं नाही. वाफ सरली तेव्हा ते म्हणत होते, "उद्यापासून हिला कामावर पाहायचं नाही मला."

पाऊस आला. विजा चमकल्या. आपण सगळे झोपडीत उभे होतो आणि गोविंदराव दारातून तारांकडे बघत होते. तारांना काहीही झालं नाही. खांब पडला नाही, ठिणगी उडाली नाही. पाऊस गेला आणि ऊन पडलं.

"काय झालं?" गोविंदरावांनी तुला विचारलं. "पडली वीज? तुटली तार?"

"काय नाय जालं," तू म्हणालीस. "ताच पायजे व्हता."

बाय, मी खूप शहाणी माणसं पाहिली आहेत. इंजिनं बनवणारी पाहिली, पूल बांधणारी पाहिली. पण काहीही न घडण्यासाठी इतकं जोर लावून भांडणारं माणूस मी तुझ्याशिवाय पाहिलं नाही. दगड टाकला असता तरी कदाचित काही झालं नसतं. हे तुलाही माहीत होतं. तुझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, आणि तू दाखवायचा प्रयत्नही केला नाहीस.

उधाणाने बांधाचं तोंड धुऊन नेलं. केलेलं सगळं काम खाडीत गेलं. त्या सकाळी तू कामावर नव्हतीस, तुला काढलं होतं. पण खाली उतरून साखळी बांधायला एकही गडी तयार होईना. बांधकामाचे मोठे साहेब घोड्यावरून आले. रामजी मुकादम स्वतः पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, ती बाई आल्याशिवाय माणसं उतरणार नाहीत. आणि मी त्यांना उतरा म्हणणार नाही." साहेबांनी मला विचारलं, "बाई नसेल तर काय होतं?" मी म्हटलं, "मला खालचं दिसत नाही, साहेब. ती बघते, मी चालवतो." साहेबांनी यारीवर चढून स्वतः बघितलं. उतरल्यावर इतकंच म्हणाले, "बोलवा तिला." कापलेली दोरीही पुन्हा बांधून घेतली त्यांनी.

तू आलीस ती थेट वाहून गेलेल्या बांधापाशी. काठावर उभी राहायच्या आधी तू पाटी उचललीस आणि सगळ्यांबरोबर मातीच्या खेपा घातल्यास. मी विचारलं, "त्या दिवशी दगड टाकला असता तर हे काम वाचलं असतं. वाईट नाही वाटत?" तू घाम पुसून म्हणालीस, "वाटतं ना. पन माती पुना टाकता येतं."

पोशाचं नाव तू घेतलं नाहीस. तेव्हा नाही, कधीच नाही. फक्त वर्षातून एकदा तू माझ्यासाठी तांदळाची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी आणायचीस, आणि मी खात असताना दुसरीकडे बघत म्हणायचीस, "त्याला लई आवरायची." मी खात राहायचो. शेवटची भाकर आणलीस तेव्हाही नुसती खाल्ली. आता वाटतं, निदान विचारायचं होतं, कसा होता गं तो? तू सांगितलं असतंस. खूप सांगितलं असतंस.

आणखी एक राहिलं. सुरुवातीच्या दिवसांत यारी चालवताना माझे हात थरथरायचे. कोणी पाहू नये म्हणून मी दांडा घट्ट धरून ठेवायचो. न दिसणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून दगड नेणं काय असतं, हे चालवणाऱ्यालाच ठाऊक. तुझ्या हाकेची सवय झाली तशी ती थरथर गेली. हे मी तुला कधी बोललो नाही. रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात जाऊन मी तुझ्या घशासाठी मेणबत्ती लावायचो, हेही नाही. तू हसली असतीस. "माजा देव काय मेला का?" म्हणाली असतीस.

मेणबत्त्यांचा उपयोग झाला नाही. दगडाची पूड वर्षानुवर्षं तुझ्या छातीत बसली आणि आवाज घोगरा होत गेला. एक दिवस तुझं "घे" मला दोनदा मागावं लागलं. त्याच संध्याकाळी तू रामजीला सांगितलंस, "उद्यापासून बारकी उबी ऱ्हाईल." आम्ही सगळे म्हणालो, थोडे दिवस बघू, काढा घे, बरी होशील. तू मान हलवलीस. "त्याला यकदा बोललेला आयकू नाय आला. आथा मी नको." इतक्या सहज निघून गेलीस तू त्या जागेवरून. तुझ्यापेक्षा कमी कुवतीची माणसं खुर्चीला चिकटून बसलेली मी पाहिली आहेत. तू मात्र बारकीला आठवडाभर शेजारी उभी करून शिकवलंस, तिचा आवाज बारीक म्हणून तिच्या हातात वाजवायला पितळेची थाळी दिलीस, आणि घरी गेलीस.

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी ठाण्याला होतो. खाडी ओलांडून दिव्याला पोचेपर्यंत तुला बाहेर काढलं होतं. मिठागराच्या अरुंद बांधावरून तुला नेत होते. पुढे रामजी होता, म्हातारा झालाय आता, तरी पुढेच होता. जान्या होता. खाणीतली सगळी माणसं होती, सुट्टी कुणी दिली ते विचारू नकोस, कुणी मागितलीच नाही. बांधावर एका वेळी फार जण मावत नव्हते, म्हणून मागच्या माणसाने पुढे व्हायचं, खांदा द्यायचा, थोडं चालून मागच्याला जागा करून द्यायची, असं चाललं होतं. मी मागून चालत एकेकाचा चेहरा पाहत होतो. यातल्या प्रत्येकाच्या डोक्यावरून मी कधी ना कधी दगड नेला होता. प्रत्येक जण आपल्या पायांनी चालत होता. बऱ्याच जणांच्या बरोबर त्यांचे मोठे झालेले मुलगे होते.

मी मागेच राहिलो. धर्म वेगळा, बोलावल्याशिवाय कसं पुढे व्हायचं? तुझ्या भावकीतल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलंही तसंच. तेव्हा रामजी वळून म्हणाला, "पास्कू, मागे काय करतोस? ये. तुझी पाळी."

मी पुढे झालो आणि तुला खांदा दिला. मला वाटलं होतं, स्मशानापर्यंत मीच नेईन. पण थोडं चाललो नाही तोच मागच्याने खांद्यावर हात ठेवला, त्याच्या मागे दुसरा होता, आणि दुसऱ्याच्या मागे मिठागराच्या टोकापर्यंत माणसंच माणसं होती. एवढ्या लांबच्या वाटेत माझी पाळी पुन्हा आलीच नाही.